लिस्बनचे चौक पायी बघायचे असतील तर

आधी पायांचं बघा, व्हिसाचं नंतर. लिस्बनच्या चौकांत आणि फुटपाथांवर काळ्या-पांढऱ्या दगडांच्या छोट्या चिपा बसवलेल्या असतात. दिसायला रांगोळी, पण लोकांच्या पायांनी घासून इतक्या गुळगुळीत झालेल्या की पावसाची एक सर आली तरी पाय सटकतो. तेव्हा खाचांच्या रबरी तळव्याचे बूट घ्या आणि निदान तीन आठवडे इथेच वापरून सैल करा. कोल्हापुरी फोटोपुरतीसुद्धा नको.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणारा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान 15 दिवस आधी तरी हवाच, आणि प्रवास विमा 30,000 युरोंपेक्षा कमी चालत नाही. तीन पिनांचा चार्जर घरी ठेवा, दोन गोल पिनांचा घ्या.

रस्ता वरून खाली ठरवा, म्हणजे चढ टळतो. मेट्रोने मार्केश द पोंबाल चौकात उतरायचं, तिथून अव्हेनिदा दा लिबरदादने झाडांच्या सावलीत रेस्तौरादोरेस, मग रोसिओ, शेवटी नदी. अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास, पण अर्धा दिवस हाताशी ठेवा. अव्हेनिदावरच्या महागड्या दुकानांत मला रस नाही. तिथे झाडांखालच्या टपरीवर कॉफी घ्यावी आणि पुढे निघावं.

निघण्याआधी एक तारीख मात्र वाचून जा: 1 नोव्हेंबर 1755. सर्व संतांचा सण, चर्चमध्ये मेणबत्त्या पेटलेल्या, आणि भूकंप. मागोमाग नदीतून त्सुनामीच्या लाटा आल्या, आगी लागल्या. नदीकाठचा राजवाडा गेला, आणि हिंदुस्थानच्या व्यापाराचा कारभार पाहणारं ‘काझा दा इंडिया’ दप्तरांसकट गेलं. राजाचा मंत्री पोंबाल याने मग खालचं शहर सरळ रेषेत नव्याने आखून घेतलं. भिंतींच्या आत लाकडी सांगाडे घातले, आणि ते टिकतात का हे बघायला नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं, असं सांगतात. गल्ल्यांना धंद्यांची नावं दिली: सोन्याची, चांदीची, चांभारांची. आपल्या तांबट आळीच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. हे डोक्यात असलं की पोंबाल चौकातल्या खांबावरचा तो पुतळा खाली शहराकडे का बघतोय, ते वेगळं सांगावं लागत नाही.

रोसिओत जमिनीवर लाटांची नक्षी आहे, टक लावून बघितलं तर गरगरतं. उत्तरेला राष्ट्रीय नाट्यगृह आहे, त्या जागी पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा देणाऱ्या कॅथलिक धर्मन्यायालयाचा वाडा होता. गोव्यात 1560 साली आलेल्या इन्क्विझिशनबद्दल थोडं आधीच वाचलेलं असेल, तर या देखण्या चौकात पाय जरा अडखळतो.

इथून एक चढ मात्र चढाच. सांता जुस्ता लिफ्टच्या रांगेत तास घालवण्यापेक्षा चालत लार्गो दु कार्मोला जा. भूकंपात छप्पर गमावलेलं चर्च अजून तसंच उघडं उभं आहे. शेजारच्या बराकीत 25 एप्रिल 1974 ला पंतप्रधान कायतानो क्रांतिकारक सैनिकांना शरण आले. गोवा 1961 मध्येच मुक्त झाला होता, पण पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व करार करून मान्य केलं ते या क्रांतीनंतर, 31 डिसेंबर 1974 ला. गोव्याच्या इतिहासाची एक गाठ या छोट्या चौकात सुटलेली आहे. मी असते तर इथल्या बाकासाठी वेगळा अर्धा तास राखून ठेवला असता.

पाकीट पुढच्या खिशात. 28 नंबरच्या ट्राममध्ये खिसेकापूंचा त्रास आहे. हॉटेलात न मागता टेबलावर येणारे पाव आणि ऑलिव्ह फुकट नसतात. नको असतील तर परत पाठवा, कोणी रागावत नाही. शाकाहाऱ्यांनी ‘सेम कार्ने, सेम पेश’ (मांस नको, मासा नको) पाठ करावं, कारण कोबीच्या हिरव्या सूपमध्येही सॉसेजची चकती तरंगत असते. कॅफेच्या काचेमागे ‘शामूसा’ दिसला तर तो आपला सामोसाच, पण आत काय आहे ते विचारून घ्या.

पातळ विंडचीटर पिशवीत असू द्या, उन्हाळ्यातही संध्याकाळी वारा सुटतो. प्रासा दु कुमेर्सिउला उतरत्या उन्हात पोचायचं. लोक त्याला अजून ‘तेरेइरू दु पासु’, म्हणजे वाड्यासमोरचं पटांगण, म्हणतात. वाडा जाऊन पावणेतीनशे वर्षं होत आली तरी. कमान ओलांडून सरळ पाण्यापर्यंत जा. दोन खांबांमधून पायऱ्या तेजो नदीत उतरतात. भरतीचं पाणी तिथवर येतं आणि खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात. बूट कितीही चांगले असोत, वरच्याच पायरीवर बसा.