हिमालयन ४५० लो करायची आहे? आधी एवढी तयारी करा

रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० ची सीट कंपनीतून ८२५ मिमीवर येते, गाडी १९६ किलोची, आणि पाच फूट दोन-तीन इंच उंचीच्या माणसाला खरा त्रास चालवताना होत नाही, थांबताना होतो. घाटात उतारावर गाडी वळवताना पाय खाली टाकला आणि नेमका तिथेच खड्डा निघाला की गाडी गेलीच. त्यामुळे लो करायची तर बिनधास्त करा, त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त लोअरिंग लिंक (मागच्या सस्पेन्शनमधला, गाडी खाली आणणारा बदली जोड) ऑर्डर करून मग विचार करत बसू नका, क्रम उलटा ठेवा.

सगळ्यात आधी स्वतःचं माप. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एक जाड पुस्तक पायांच्या मध्ये आडवं धरून सीटवर बसल्यासारखं घट्ट वर दाबायचं, कुणालातरी पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलने खूण करायला सांगायचं आणि जमिनीपासून तिथपर्यंत टेप लावायचा. मग टूरला घालणार तेच बूट घालून गाडीवर बसा आणि टाचेखाली किती गॅप राहते ते कुणाकडून तरी मोजून घ्या, कारण बसल्यावर सस्पेन्शन दबतं आणि नुसत्या ब्रोशरच्या आकड्यावरून काही कळत नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही चवडे नीट टेकले आणि थोडं सरकून एक पाय पूर्ण टेकला तरी बऱ्याच जणांचं काम होतं, पण सामान लादून एकट्याने स्पितीसारख्या दगडगोट्यांच्या रस्त्यावर जाणार असाल तर दोन्ही तळवे टेकलेले बरे.

आता सीट. ही सीट उंच-कमी करता येते, तेव्हा ती ८४५ च्या खाचेत तर बसलेली नाही ना ते बघा, मग कंपनीचीच ८०५ वाली लो सीट लावून बघा. सीटवाल्याकडून फोम कापून घेणार असाल तर टाकीजवळच्या दोन्ही कडा निमुळत्या करायला सांगा, वरून फार कापू देऊ नका, नाहीतर पाय टेकतील पण दिवसभराच्या रायडिंगला बूड दुखून जीव जाईल. मागचा प्रीलोड (सस्पेन्शनच्या स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) स्टँडर्डपेक्षा जास्त कसलेला असेल तर तो मूळ जागी आणा. पण नुसता प्रीलोड ढिला करून गाडी खाली आणणं मला पटत नाही, पिलियन (मागे बसणारा) आणि पॅनियर (बाजूच्या सामानाच्या पेट्या) चढले की स्पीडब्रेकरला सस्पेन्शन तळाला जाऊन आपटतं.

एवढं करूनही कमी पडलं तरच लोअरिंग लिंक. तिथे एक गोष्ट पक्की धरा, मागून जेवढी उतरवाल साधारण तेवढीच पुढून. नुसती मागची उतरवली की पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचा कल वाढतो आणि गाडी वळायला सुस्त होते, नुसती पुढची उतरवली की हँडल चंचल होतं. पुढे फोर्कचे पाइप टी मधून (पाइप पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पमधून) वर सरकवायचे, दोन्ही बाजू व्हर्नियरने मोजून अगदी सारख्या, आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्यानेच कसायचे, अंदाजाने नाही. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेकचा होज, एबीएसची वायर ताणत नाही ना, पाइपचं टोक हँडलला लागत नाही ना, सस्पेन्शन पूर्ण दबलं तर पुढचं चाक वर कुठे आणि मागचं चाक मडगार्डला घासणार नाही ना, सगळं बघायचं. लिंक उघडलीच आहे तर बुश साफ करून ग्रीस भरून घ्या, आणि शेवटी चेनचा ढिलेपणा परत तपासा, मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचा कोन बदलला की तोही बदलतो.

साइड स्टँड मात्र विसरूच नका! तो तेवढाच लांब राहिला तर गाडी जवळपास सरळ उभी राहते आणि जरा उलटा उतार असला, वाऱ्याचा झोत आला की दुसऱ्या अंगाला पडते. त्यामुळे छोटा स्टँड किंवा चांगला वेल्डर आधीच ठरवून ठेवा आणि स्टँड त्याच दिवशी करून घ्या, पण कापायच्या आधी पूर्ण सामान लादून गाडी किती कलते ते बघून मगच खूण करा. सेंटर स्टँड असेल तर तोही जड जाणार, मागचं चाक फळीवर चढवून मग लावायची सवय करा.

ग्राउंड क्लिअरन्स २३० मिमी आहे, ३० उतरवली की २०० च्या आसपास राहणार, म्हणून इंजिनाखालची बॅशप्लेट चांगली हवी, आणि वळणावर फुटपेग आधीपेक्षा लवकर घासतील हे डोक्यात ठेवा. वॉरंटी आणि इन्शुरन्सचं काय ते काम सुरू करायच्या आधी लेखी विचारून घ्या. हेडलाइटचा झोत रात्री भिंतीवर टाकून नीट करा, पहिली राइड रिकाम्या रस्त्यावर, मग पूर्ण लोड घालून गावातल्या उंच स्पीडब्रेकरवरून एकदा सावकाश, आणि घरी आल्यावर सगळे बोल्ट परत एकदा चेक. जुनी लिंक आणि तिचे बोल्ट फेकू नका, नाव लिहून डब्यात ठेवा, गाडी विकताना लागतात.