कुत्रा अंगण उकरतो? आधी खड्ड्याची जागा बघा

कुत्रा माती उकरतो त्याला कारण असतं आणि बहुतेक वेळा ते खड्ड्याच्या जागेवरूनच कळतं. म्हणून खड्डा बुजवायची घाई करू नका. आठवडाभर तो कुठे आणि किती वाजता उकरतो, ते बघा.

झाडाच्या ओल्या आळ्यात पसरट खड्डा करून तो त्यातच पोट टेकून पडत असेल, तर त्याला उकडतंय. सावलीत ओलं गोणपाट अंथरा, दुपारी घरात फरशीवर घ्या. कित्येकांचं उकरणं एवढ्यावरच थांबतं.

कुंपणालगत उकरत असेल तर त्याला बाहेर पडायचंय. कुंपणाच्या आतल्या बाजूने कोंबडीजाळी काटकोनात वाकवून फूटभर आडवी पसरा आणि वर माती व दगड टाका. जाळीची कापलेली टोकं दुमडून घ्या, नाहीतर पंजे फाटतात.

एकाच जागी नाक खुपसून खोल उकरतोय? खाली घूस असणार. पिंजरा लावा, विषारी औषध टाकू नका, कारण विष खाऊन मेलेली घूस कुत्र्याने खाल्ली तर त्यालाही बाधा होते.

खत घातल्यावर वाफा उकरला, तर खताचा वास हेच कारण. बोनमीलच्या, म्हणजे हाडांच्या चुऱ्याच्या खताच्या, वासाने कुत्रे हमखास येतात. एरंडीची पेंड तर कुत्रा असलेल्या घरात आणूच नका. तिच्यात रायसिन हे विष असू शकतं आणि पेंड आवडीने खाल्ली जाते. उलट्या, रक्ताचे जुलाब दिसायला कित्येक तास जाऊ शकतात. तोवर थांबू नका, खाल्ल्याचा संशय येताच डॉक्टर गाठा.

यातलं काहीच नसेल, तर तो कंटाळलाय. सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास फिरवा, वाटेत मनसोक्त हुंगू द्या. आणि त्याला हक्काचा खड्डा द्या:

१. सावलीत साधारण ५ × ३ फूट, दीड फूट खोल जागा खणा. भोवती विटांची कड लावा, म्हणजे हद्द त्याला कळते.

२. निम्मी वाळू, निम्मी भुसभुशीत माती भरा. रात्री ताडपत्री टाका, नाहीतर मांजरं तिथे घाण करतात.

३. त्याच्या देखत आवडतं खेळणं अर्धवट पुरा. त्याने उकरून काढलं की शाबासकी द्या. रोज थोडं खोल पुरत जा. आठवड्याने त्याच्या नकळत दोन-तीन वस्तू लपवा.

४. दुसरीकडे उकरताना दिसला तर ओरडू नका. नाव घेऊन बोलवा, खड्ड्याकडे न्या. पुढचा पंजा वाळूत पडताच, दोन सेकंदांच्या आत, खाऊ द्या.

५. पहिले तीन-चार आठवडे त्याला अंगणात एकटं सोडू नका. गुपचूप उकरायला मिळालं की तेवढ्यानेही सवय पक्की होते. वाफ्यांवर मुठीएवढे दगड पसरा.

तासाभरापूर्वीच्या खड्ड्यासाठी रागावणं व्यर्थ आहे. कान पाडून तो खाली बघतो ते तुमचा चेहरा आणि आवाज बघून. खड्ड्याशी तो त्याचा संबंध लावत नाही. मातीत तिखट टाकणं तर निव्वळ क्रूरपणा, डोळे आणि नाक भाजतात.

नसबंदी न झालेली कुत्री माजानंतर दोनेक महिन्यांनी अचानक कोपऱ्यात उकरू लागली, तर ती पिलांसाठी जागा करतेय. गाभण नसतानाही असं होतं. तिला अडवू नका, डॉक्टरांना दाखवा.