बेळगावात कामाला येताय? खिशातल्या फोनचं रेकॉर्डिंग चालू करायच्या आधी हे वाचा

गडहिंग्लज, चंदगड, आजऱ्याकडनं दर महिन्याला कोण ना कोण पोरगं उद्यमबागेत नाहीतर मच्छेला कामाला येतंय आणि गावाकडचं कुणीतरी त्याला माझा नंबर देतंय, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. मी आलो २०११ ला. खोली अनगोळ, वडगावकडं बघा. बसच्या पाट्या आणि कन्नड आकडे महिन्याभरात वाचायला शिका. बाकीचं आपोआप कळतंय.

आपोआप कळत नाही ते वेगळंच आहे. नवीन आलेली पोरं दोन महिन्यांत माझ्याकडं येतात आणि फोन दाखवतात, म्हणे सुपरवायझर शिव्या देतोय, ओटीचे (ओव्हरटाइमचे, जादा कामाचे) पैसे बुडवतोय, मी गुपचूप सगळं रेकॉर्ड केलंय, आता बघा कसा नाचवतो. मी पण असाच नाचवायला निघालो होतो.

पहिलं कायद्याचं. ज्या बोलण्यात आपण स्वतः आहोत ते दुसऱ्याला न सांगता रेकॉर्ड करणं हा सरसकट गुन्हा आहे असं सांगणारा कायदा आपल्याकडं नाही. कर्नाटकात वेगळं आणि महाराष्ट्रात वेगळं असंही काही नाही, त्यामुळं 'इकडचा कायदा आपल्यावर उलटा पडतोय' हे रडगाणं इथं तरी गाऊ नका. वकील लोक अजून मलकानीचा खटला सांगतात, मुंबईचा कोरोनर (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) होता, लाचेची भानगड, ज्या डॉक्टरशी तो त्याबद्दल फोनवर बोलला त्याच्या परवानगीनं त्या डॉक्टरच्या फोनला पोलिसांनी टेप लावला आणि सुप्रीम कोर्टानं तो पुरावा चालवून घेतला. २०२५ ला नवराबायकोच्या भांडणातल्या गुपचूप रेकॉर्डिंगबद्दल पण सुप्रीम कोर्टानं तसंच म्हटलं. पण २०१७ पासनं प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे (तो खटला घालणारे पुट्टस्वामी कर्नाटक हायकोर्टाचेच निवृत्त न्यायाधीश), म्हणून कुणाचं घरचं, आजारपणाचं, बायकापोरांचं बोलणं साठवून ठेवायचा नाद करू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपण तिथं नसताना फोन चालू ठेवून बाहेर यायचं नाही. साहेबाच्या केबिनमध्ये फाइलीखाली फोन सरकवून चहाला गेलेला एक महाभाग मला माहीत आहे. ते आपलं बोलणं नाही, ती चोरून ऐकण्याची गोष्ट झाली, तिथं मलकानी पण वाचवत नाही. चेंजिंग रूम, बाथरूमजवळ कॅमेरा चालू केला तर सरळ फौजदारीच.

आता गुन्हा नाही म्हणजे नोकरी शाबूत असंही नाही. ऑफर लेटरमध्ये इंग्रजीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यात मशीनवर, फोन आणायचा नाही, रेकॉर्डिंग करायचं नाही. त्यावर तुम्ही सही केलेली असते. पोलीस काही करणार नाहीत पण कंपनी शिस्तभंगाची नोटीस काढणार, चौकशी लावणार. सही करायच्या आधी दहा मिनिटं वाचा की! आपली पोरं पगाराचा आकडा बघतात आणि खाली सही ठोकतात.

माझं सांगतो. २०१९ ची गोष्ट. चार महिन्यांचा ओटी थकला होता, कायद्यानं जादा कामाला दुप्पट दर आहे आणि आम्हाला साधा पण मिळत नव्हता. सुपरवायझरशी बोलायला गेलो, फोन खिशात चालू. तो दोन-चार शिव्या देऊन शेवटी म्हणाला 'नोडोणरी'. मी खूश, पैसे द्यायचं कबूल केलं म्हणून. त्याच रात्री क्लिप आमच्या गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. सकाळपर्यंत ती निपाणी, खानापूर, कोल्हापूर फिरून आली, वर कुणीतरी चिकटवलेलं 'बेळगावात मराठी कामगारावर अन्याय'. सुपरवायझर क्लिपमध्ये कन्नड बोलतोय एवढंच लोकांनी ऐकलं. त्याच्या घरी मराठी बोलतात हो! गणपतीला त्याच्या घरी मी जेवलोय. पण ओटीचं भांडण एका रात्रीत सीमाप्रश्नाचं झालं, आणि माझ्या शेजारच्या मशीनवरचा कन्नड ऑपरेटर, ज्याचा माझ्याइतकाच ओटी थकला होता आणि जो माझ्यासोबत लेबर ऑफिसला यायला तयार होता, तो म्हणाला आता मला यात घेऊ नको. एकुलता एक साक्षीदार मी स्वतःच्या हातानं घालवला. वर कंपनीची नोटीस, बदनामीची धमकी, आणि तीन आठवड्यांत मी बाहेर.

म्हणून परत सांगतो, ग्रुपवर टाकू नका. भावाला नको, मित्राला नको, 'फक्त तुझ्यापुरतं ठेव' म्हणून तर अजिबात नको. कोल्हापूरकडनं नवीन आलेल्यांना पहिल्या आठवड्यातच सीमाप्रश्न सोडवायचा असतो, तो त्यांच्याच्यानं सुटत नाही आणि तुमचा पगार मात्र अडकतो.

वकिलाकडं गेलो तर त्यानं विचारलं मूळ फोन कुठाय. मी तो दिवाळीच्या ऑफरमध्ये एक्स्चेंजला दिलेला. राहिली काय तर फॉरवर्ड होऊन आलेली क्लिप, ना मूळ नाव ना तारीख. कोर्टाला आवाज कुणाचा आणि मधे कापाकापी झाली नाही हे पटावं लागतं, आणि सोबत सर्टिफिकेट लागतं. पूर्वी ते जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं होतं, १ जुलै २०२४ पासनं नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली, एक भाग फोनवाल्यानं भरायचा आणि एक तज्ज्ञानं. जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मूळ उपकरणच कोर्टापुढं आणलं तर वेगळं, नाहीतर सर्टिफिकेट पाहिजेच. तेव्हा फोन विकू नका, फाइलीचं नाव पण बदलू नका.

त्यात इथली गंमत अशी की बोलणं अर्धं कन्नड, अर्धं मराठी, शिव्या हिंदीत. खालच्या कोर्टाची भाषा कन्नड, सगळं उतरवून द्यावं लागतं. उतरवताना कळलं की 'नोडोणरी' म्हणजे 'बघूया'. कबुली वगैरे काही नव्हतीच.

त्यापेक्षा हजेरी कार्डाचा फोटो, स्वतःच्या वहीत रोजचे तास, आणि बोलणं झालं की त्याच दिवशी साहेबाला साधा मेसेज, 'आज तुम्ही ओटीबद्दल बघतो म्हणालात'. उत्तर आलं नाही तरी तारीख राहते. पुढं लेबर ऑफिसला अर्ज, दोन प्रती, एकीवर पोच घ्यायची. वकिलाला पैसे नसतील तर १५१०० ला फोन लावा, कारखान्यातल्या कामगाराला कायदेशीर मदत फुकट मिळते. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, मी वकिलाला सहा हजार मोजले.

तो ऑपरेटर अजून भेटतो चहाला. बसायच्या आधी विचारतो, 'फोन एल्लि री?', म्हणजे फोन कुठाय. मी काढून टेबलावर ठेवतो.