सेकंड-हँड स्पोर्ट्स कारचं रनिंग तपासताय? कोकणात या चुका टाळा

"गाडी घराकडेच असता ओ, चतुर्थीक तेवढी काढतव." सिंधुदुर्गात जुनी स्पोर्ट्स कार बघायला गेलात की अशा अर्थाचं वाक्य हमखास कानावर पडतं. गाडी सात-आठ वर्षांची असते आणि मीटरवर जेमतेम १४ हजार किलोमीटर दिसतात. विकणारा खोटं बोलतोय असं मुळीच नाही. बऱ्याचदा तो अगदी खरं सांगत असतो. अडचण वेगळी आहे. समुद्राजवळ, दर पावसाळ्याची ओल सोसत उभी राहिलेली १४ हजारांची गाडी नियमित चाललेल्या ५० हजारांच्या गाडीपेक्षा महाग पडू शकते. माझं ठाम मत आहे की आपल्याकडे 'किती चालली' याच्या जोडीला 'किती उभी राहिली' हे विचारलंच पाहिजे. पण आधी मीटरचा आकडा खरा आहे का ते बघू, कारण चुका दोन्हीकडे होतात.

डॅशबोर्डवरच्या आकड्यावर थांबणं

डिजिटल मीटर मागे फिरवता येत नाही, असा समज अजून आहे. फिरवता येतो. कधी ओबीडी सॉकेटला (गाडी स्कॅन करायला असतं ते) यंत्र जोडून, कधी मीटरचा क्लस्टर बाहेर काढून. सुदैवाने बऱ्याच युरोपियन गाड्यांत रनिंगची नोंद एकाच जागी नसते. इंजिनाचा ईसीयू म्हणजे त्याचा कंप्युटर, गिअरबॉक्स, काही मॉडेलमध्ये चावीसुद्धा, अशा ठिकाणी ती वेगवेगळी साठवलेली असते. मीटर पाडणारा प्रत्येक वेळी या सगळ्या जागी पोहोचतोच असं नाही. म्हणून त्या ब्रँडचं नीट स्कॅन करणारं यंत्र ज्याच्याकडे आहे, अशा माणसाकडून पूर्ण स्कॅन करून घ्या. साधं कोड रीडर इथे उपयोगाचं नाही.

स्कॅनमध्ये मला सर्वात मोलाची वाटते ती इंजिन-तासांची नोंद. ती प्रत्येक गाडीत मिळत नाही, पोर्शेमध्ये मिळते. हिशेब सोपा आहे: किलोमीटर भागिले तास. मीटरवर १८,००० आणि इंजिन ४०० तास चाललेलं असेल तर सरासरी ताशी ४५ किलोमीटर येते. ही हायवेवर चाललेली गाडी. त्याच १८,००० ला ९०० तास असतील तर सरासरी २०, म्हणजे मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये क्लच-ब्रेक खात चाललेली. आणि १,६०० तास निघाले, तर सरासरी ११ च्या आसपास येते. इतकी हळू गाडी कोणी वर्षानुवर्षं चालवत नाही. तिथे मीटरवरच शंका घ्यायची.

मॅन्युअल पोर्शेत आणखी एक नोंद असते: इंजिन ठरलेल्या आरपीएमच्या पलीकडे किती वेळा गेलं. पोर्शे ९११ च्या ९९७ या पिढीपासून तिच्या सहा पायऱ्या आहेत. खालच्या पायऱ्यांवर नोंदी दिसल्या तर घाबरू नका, जोरात चालवणाऱ्याच्या हातून त्या होतात. वरच्या पायऱ्या मात्र चुकून फार खालचा गिअर पडल्याशिवाय लागत नाहीत. नोंद कितव्या तासाला झाली तेही तिथे असतं. शेवटची नोंद बरीच जुनी असेल आणि त्यानंतर इंजिन शेकडो तास बिनतक्रार चाललं असेल, तर ते त्या गाडीच्या बाजूनेच धरायला हवं.

फाइल बघणं, पण बिलं न वाचणं

सर्व्हिसची जाडजूड फाइल समोर आली की आपण पानं चाळतो आणि समाधानाने मान हलवतो. प्रत्येक बिलावरची तारीख आणि किलोमीटर कागदावर एकाखाली एक लिहून काढा. आकडा कुठे मागे गेलाय का, कुठे दोन वर्षं जागचा हललेला नाही का, हे पाच मिनिटांत दिसतं. मग बिलांमधली कामं वाचा. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० च्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल ६० हजार किलोमीटरला बदलतात. मीटर ४८ हजार दाखवतंय आणि फाइलमध्ये ते तेल बदलल्याचं जुनं बिल आहे, तर थांबून विचारायला हवं. कोणी काळजीपोटी लवकर बदललं असेलही. उत्तर ऐकताना विकणारा गोंधळतो का, तेही बघा.

अशा गाड्यांची अधिकृत सर्व्हिस सेंटरं मोठ्या शहरातच असल्याने कोकणातल्या गाड्यांचं तेल-फिल्टर पुष्कळदा ओळखीच्या गॅरेजमध्ये होतं. फाइल पातळ आहे एवढ्यावरून गाडी नाकारू नका. त्या मेस्त्रीला फोन करा. गाडी कधी आली, काय केलं, हे बऱ्याच मेस्त्रींच्या लक्षात असतं, कारण तशी गाडी त्यांच्याकडे रोज येत नाही. वहीत नोंद असेल तर तिचा फोटो मागवा.

इन्शुरन्सचे जुने कागद मागायला लोक संकोचतात. संकोचू नका. नो क्लेम बोनस पहिल्या विनाक्लेम वर्षानंतर २० टक्के आणि पुढे २५, ३५, ४५, ५० असा चढतो. त्याच मालकाच्या पॉलिसीत तो ३५ वरून एकदम शून्यावर आला असेल, तर त्या वर्षी बहुधा क्लेम झालाय. क्लेमच्या सर्व्हे रिपोर्टमध्ये मीटर रीडिंग लिहिलेलं असतं आणि त्यात फेरफार करणं विकणाऱ्याच्या हातात नसतं. मात्र बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, आणि तो वाचवणारं ॲड-ऑनही मिळतं. त्यामुळे नुसता चढता बोनस ही स्वच्छ गाडीची हमी नाही. मालक तयार असेल तर फास्टॅगचं स्टेटमेंटही बघा. 'मुंबईबाहेर कधी नेलीच नाही' असं सांगितलेल्या गाडीचा दर शनिवारी खालापूरचा टोल कापलेला दिसला की बोलणंच बदलतं.

टायरमध्ये फक्त नक्षी बघणं

टायरच्या कडेला डॉट या अक्षरांनंतरच्या कोडमध्ये शेवटचे चार आकडे शोधा. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी २०१९ ची, रनिंग १२ हजार, आणि चारही टायर २०२३ चे असतील तर ते का बदलले हे विचारायचं. मुंबई-गोवा हायवेच्या खड्ड्यांत लो-प्रोफाइल टायरची बाजू फाटणं नवीन नाही. पण त्यात एक-दोन टायर जातात, चार नाहीत. चारही एकदम बदलले असतील तर एक तर ते झिजले, म्हणजे रनिंग जास्त आहे, नाही तर मालकाने गाडी बेफाम पळवली आहे. उभं राहून रबर कडक झालं हे तिसरं कारण, आणि ते प्रामाणिक आहे.

उलटी चूकही होते. सहा-सात वर्षांचे मूळ टायर, नक्षी भरपूर, म्हणून लोक खूश होतात. कडेला बारीक भेगा असतील तर नक्षीला अर्थ नाही. मोठ्या स्पोर्ट्स कारच्या चार टायरची किंमत आधी विचारून घ्या आणि ती गाडीच्या भावातून वजा धरून बोला.

सीट फाटली म्हणून गाडी फार चालली, असं धरून चालणं

साध्या गाडीत सीट, पेडलचं रबर, स्टीअरिंगचं चामडं यांवरून रनिंगचा अंदाज येतो. स्पोर्ट्स कार बुटकी. तिच्यात बसताना ड्रायव्हरच्या सीटच्या बाहेरच्या उंच कडेवरून घसरतच आत जावं लागतं. ती कड किलोमीटरने झिजत नाही, किती वेळा चढ-उतार झाली त्याने झिजते. बाजारापर्यंत आणि समुद्रापर्यंत ये-जा करणाऱ्या १५ हजारांच्या गाडीची कड फाटलेली असू शकते आणि हायवेवर ४० हजार चाललेलीची शाबूत. पेडल आणि गिअरचा गोळा जास्त खरं सांगतात. क्लच-ब्रेकच्या पेडलच्या रेषा बोटाने चाचपून बघा. २० हजारांच्या गाडीत पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असेल, किंवा बाकी सगळं जुनं आणि तेवढंच रबर कोरं करकरीत असेल, तर दोन्ही वेळा प्रश्न विचारा.

उभ्या गाडीला 'जपलेली गाडी' समजणं

कोकणात सगळ्यात महागात पडते ती ही चूक.

मालक मुंबईला, गाडी गावच्या घरी. गणपती आणि शिमग्याला चार दिवस फिरते आणि पुन्हा ताडपत्रीखाली जाते. किंवा अलिबागच्या बंगल्यावर असते. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो २०२० मध्ये सुरू झाल्यापासून गाडी बोटीवर चढते, पलीकडे उतरते, बंगला ते बीच दोन-तीन किलोमीटर चालते, आणि परत. किलोमीटर कमी भरतात, पण इंजिन ऑइल एवढ्या अंतरात कधी नीट तापत नाही. आत धरलेली वाफ आतच राहते. ऑइल भरायचं झाकण उघडून उलटं करून बघा. खाली दुधाळ, फिकट पिवळा चिकट थर दिसला तर एक तर गाडी अशीच तुकड्या-तुकड्यांत चालली आहे, नाही तर हेड गॅस्केटमधून कूलंट ऑइलमध्ये जातंय. दोन्हींतला फरक मेस्त्रीकडून करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग गाडी रॅम्पवर चढवा. हे न करता कोकणातली स्पोर्ट्स कार घेऊ नका, विकणारा कितीही घाईत असला तरी. सायलेन्सरचे जोड, सस्पेन्शनचे बोल्ट, ब्रेकच्या पाइपलाइन, सबफ्रेमचे कोपरे बघा. खाऱ्या हवेचा गंज आधी इथे धरतो. एसीच्या कंडेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या बोट लावताच भुगा होत असतील तर तो खर्च जवळ आला आहे. ब्रेक डिस्कवर रात्रीतून चढलेला तांबूस थर मात्र मनावर घेऊ नका. चार-सहा वेळा ब्रेक दाबले की तो जातो. ब्रेक दाबून आल्यावरही डिस्कवर खड्डे राहिले किंवा कडेला जाड ओठ आला असेल तर डिस्क बदलायची आहे. खालून सगळीकडे ताजं काळं अंडरबॉडी कोटिंग मारलेलं दिसलं तर मी सरळ विचारतो की कशासाठी मारलं आणि त्याआधीचे फोटो आहेत का. आतल्या फटींत लाल माती किती बसली आहे तेही बघा. 'मुंबईच्या पार्किंगमध्येच असते' म्हणणाऱ्या गाडीच्या इंटरकूलरमध्ये जांभ्याची धूळ घट्ट बसलेली असेल तर गाडी कुठल्या रस्त्यांवर फिरली ते कळतं.

कापडी छताच्या गाडीत छताच्या मागच्या कोपऱ्यांत पाणी जायच्या नळ्या असतात. आंब्याखाली उभ्या गाडीत त्या पानांच्या कुजक्या लगद्याने तुंबतात आणि पाणी आत उतरतं. जुन्या पोर्शे बॉक्स्टरमध्ये अलार्म आणि इमोबिलायझरचं मॉड्यूल सीटखाली आहे. ते भिजलं की गाडी सुरूच होत नाही आणि मीटर ९ हजार असो की ९० हजार, दुरुस्ती तितकीच येते. सीटखालचं कार्पेट हाताने दाबा. ओल लागली, किंवा गाडीत उदबत्ती-अत्तराचा वास नको तितका असेल, तर दारं बंद करून दहा मिनिटं आत बसा. बुरशीचा वास लपत नाही.

पेट्रोल कधी भरलं हेही विचारा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल शोषतं. अर्धी टाकी घेऊन पूर्ण पावसाळा उभी राहिलेली गाडी असेल तर जुनं पेट्रोल काढून टाकायचा आणि फ्युएल फिल्टर बदलायचा खर्च धरा. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्यांचे पाइप आणि सील ई-२० साठी, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी, बनवलेले असतीलच असं नाही. वायरिंगला उंदीर लागलेत का ते बॉनेट उघडून एकदा टॉर्चने बघा.

पूर आठवणीत न ठेवणं

२२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं. त्या वेळी त्या भागात असलेली कुठलीही गाडी आज कमी रनिंग घेऊन समोर आली तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. गुंडाळलेल्या टोकाशी गाळाची रेघ राहिलेली असते. सीटचे रूळ, स्टेपनीखालचा खड्डा, कार्पेटखालच्या वायरिंगचे कनेक्टर बघा. त्या जुलै-ऑगस्टचा क्लेम आहे का ते कागदांत शोधा. पुरातून निघालेली स्पोर्ट्स कार मी स्वस्तातही घेऊ नका म्हणेन. आजच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक्स एवढं आहे की एक मॉड्यूल बदलून भागत नाही.

मैल आणि किलोमीटर

इंग्लंडहून आणलेली गाडी असेल तर मीटर मैलांत असू शकतं. ३८,००० मैल म्हणजे सुमारे ६१,००० किलोमीटर. तिथल्या वार्षिक एमओटी तपासणीत प्रत्येक वेळी मीटर रीडिंग नोंदवलं जातं आणि जुन्या नंबरवरून ते ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवर फुकट बघता येतं. पण ती तपासणी तीन वर्षांनंतर सुरू होते, त्यामुळे अगदी नवी असताना आलेल्या गाडीची नोंद सापडणार नाही.

घेतल्यावर शंका आली तर

आधी पूर्ण स्कॅनचा रिपोर्ट लेखी घ्या आणि त्यानंतर मीटरला कोणालाही हात लावू देऊ नका. जुनी बिलं, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, विकणाऱ्याशी झालेले मेसेज जपून ठेवा. गाडी डीलरकडून घेतली असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य आयोग. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत व्हायला हवी. एखाद्या व्यक्तीने स्वतःची गाडी विकली असेल तर हा मार्ग साधारणपणे मिळत नाही. तिथे विक्री करारात काय लिहिलंय ते महत्त्वाचं ठरतं. म्हणून गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात त्याच दिवशी साध्या करारात तारीख, चासिस नंबर, मीटर रीडिंग आणि 'हे रीडिंग बदललेलं नाही' हे वाक्य विकणाऱ्याच्या सहीसह घ्या, आणि चालू मीटरचा फोटो त्याच्या समोर काढून त्यालाही पाठवा.