स्वस्त इलेक्ट्रिक गिटार सुधारायची तर सुरुवात कुठून करावी

पहिली इलेक्ट्रिक गिटार घेऊन काही महिने झाले की माझे बहुतेक विद्यार्थी एकच प्रश्न घेऊन येतात: पिकअप, म्हणजे तारांची कंपनं टिपणारे चुंबकाचे भाग, बदलले तर आवाज सुधारेल का? कदाचित सुधारेल, पण त्यांची खरी अडचण आवाजाची नसते. तारा बोटांना कापतात, एफ कॉर्ड काही केल्या लागत नाही, आत्ता लावलेला सूर एका गाण्यात उतरतो. यातलं काहीही पिकअपने बरं होत नाही. शिकवण्याच्या जोडीने मी विद्यार्थ्यांच्या गिटारी लावूनही देते. त्यातून माझं जे मत बनलं आहे ते हे: स्वस्त गिटारमध्ये कमी पडतो तो माणसाचा वेळ. तो आपण दिला, तर सुटे भाग विकत घेण्याची गरज निम्म्याहून कमी होते.

गिटारचं लाकूड आता संगणकावर चालणारी यंत्रं कापतात. त्यामुळे स्वस्त गिटारमध्येही फ्रेटच्या, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, खाचा जागच्या जागी असतात. कात्री लागते ती हाताच्या कामाला: फ्रेटची टोकं घासणं, नटच्या (खुंट्यांपाशी तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्याच्या) खाचा खोल करणं, तारांची उंची बसवणं. त्याखेरीज धातूचे आणि विजेचे भाग हलके वापरतात. हाताचं राहिलेलं काम घरी पुरं करता येतं, म्हणून आधी ते.

पण त्याआधी ही गिटार मेहनत घेण्याच्या लायकीची आहे का, ते पाहून घ्या. सगळा निकाल नेकवर, म्हणजे गिटारच्या लांब दांड्यावर, लागतो. गिटार डोळ्यासमोर धरून ब्रिजच्या (बॉडीवर तारा अडकतात त्या भागाच्या) बाजूने नेकच्या कडेवरून नजर टाका. दोन्ही कडा सारख्याच वाकलेल्या असतील तर चिंता नाही, त्यासाठीच आत ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक कमी-जास्त करणारी सळई, असतो. एक कड सरळ आणि दुसरी वाकडी दिसली, म्हणजे नेकला पीळ पडला असेल, तर त्या गिटारवर पैसे घालू नका. नवी घेत असाल तर दुसरी मागा. बारीक ई तार फ्रेटच्या कडेवरून घसरत असेल तर घाबरू नका. तारा सैल करा, नेक बॉडीला धरणारे मागचे चार स्क्रू अर्धी फेरी सोडा, नेक हाताने बाजूला दाबून दोन्ही ई तारांच्या बाहेर सारखी जागा ठेवा आणि स्क्रू परत आवळा.

बॉडी प्लायवुडची, बासवुडची की पॉपलरची, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. शिकणाऱ्याने त्यात पडू नये. स्क्रू घट्ट धरणारी, अंगाला जड न होणारी बॉडी पुरेशी आहे.

तारा आणि नट

कारखान्यातून आलेल्या तारा आधी काढून टाका. गिटार किती काळ खोक्यात पडून होती हे कुणालाच माहीत नसतं, आणि गंजलेल्या तारांवर केलेलं मोजमाप फुकट जातं. ९ ते ४२ चा संच (बारीक आणि जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) नवशिक्याच्या बोटांना सोसतो. खुंटीवर दोन-तीन वेढे, एकाखाली एक, एकमेकांवर न चढलेले. मग प्रत्येक तार बोटाने हलकेच वर ओढून ताणा आणि पुन्हा सुरात लावा. ओढल्यावरही सूर उतरेनासा झाला की तार बसली.

आता नट. या छोट्या तुकड्याकडे इतकं दुर्लक्ष होतं की मला मनापासून वाईट वाटतं, कारण कितीतरी मुलं याच्यामुळे गिटार सोडतात. स्वस्त गिटारवर नटच्या खाचा बहुधा उथळ ठेवलेल्या असतात, कारण घाईत जास्त खोल गेली तर तो नट वाया जातो. उथळ खाच म्हणजे पहिल्या फ्रेटपाशी तार उंच. मग एफ कॉर्डला दुप्पट जोर लागतो, दाबताना तार ताणली जाऊन सूर चढतो, आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपली बोटंच कमजोर आहेत. तपासणी सोपी आहे. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर पाहा. तिथे कागद सरकेल एवढीच फट हवी. तार फ्रेटला टेकलीच असेल तर खाच खोल झाली आहे, आणि फट डोळ्यात भरण्याएवढी असेल तर खाच उथळ आहे.

खाच खोल करायला तारेच्या जाडीची कानस लागते. ती नसेल तर हे एक काम जाणकाराकडून करून घ्या, त्यावर खर्च केलेला पैसा सर्वांत जास्त वसूल होतो. स्वतः करणार असाल तर दोन-चार वेळा कानस फिरवा, तार लावा, तपासा. खाचेचा तळ खुंट्यांच्या बाजूला किंचित उतरता ठेवा. जास्त खोल गेली तर मोकळी तार खरखरते आणि मग नट बदलण्यावाचून इलाज नाही.

सूर उतरण्यालाही बहुतेक वेळा नटच कारणीभूत असतो, आणि दोष मात्र खुंट्यांवर येतो. तिसरी, म्हणजे G ची तार सुरात लावा, जोरात बेंड करा (दाबून बाजूला ओढा) आणि सोडा. सूर उतरला असेल तर नटच्या पलीकडे, खुंटीच्या बाजूला, तार बोटाने दाबून सोडा. सूर परत जागेवर आला, तर तार नटमध्ये अडकते आहे. खुंटी पिळताना ‘टुंग’ असा आवाज येणं हीसुद्धा त्याचीच खूण. खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा, ग्राफाइटवर तार सहज सरकते. एवढ्यानेच अनेक गिटारी सुरात राहायला लागतात. लॉकिंग ट्यूनर, म्हणजे तार घट्ट पकडणाऱ्या खुंट्या, विकत घेण्याआधी हे करून पाहाच.

नेक, उंची, इंटोनेशन

सगळ्या तारा सुरात असताना पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जाड ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटपाशी फट पाहा. साधारण पाव मिलिमीटर हवी. फट मोजायची पातळ पट्टी (फीलर गेज) नसेल तर १० नंबरच्या तारेचा उरलेला तुकडा घ्या. त्याची जाडी ०.२५ मिमी असते, म्हणजे नेमकं तेच माप. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने आवळा, नसेलच तर उलट सोडा. एका वेळी पाव फेरीच. मग पुन्हा सुरात लावून पाहा, आणि लाकूड सावकाश हलतं म्हणून दुसऱ्या दिवशीही एकदा तपासा. ट्रस रॉडचा नट हलतच नसेल तर जोर करू नका. तुटलेला ट्रस रॉड म्हणजे नेक गेली.

मग ब्रिजवरची सॅडलं, म्हणजे प्रत्येक तारेखालचे सरकवता येणारे तुकडे. सतराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांतलं अंतर १.६ मिमी ठेवतात, हे प्रचलित माप आहे. फ्रेट पुरते समतल नसतील तर मी १.८ ते २ ठेवते. खरखर करणाऱ्या खालच्या तारांपेक्षा थोड्या उंच, स्वच्छ वाजणाऱ्या तारा बऱ्या. सहा तारांची उंची एका सरळ रेषेत ठेवू नका, फिंगरबोर्डच्या गोलाईप्रमाणे मधल्या तारा किंचित वर राहू द्या.

इंटोनेशनला, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर खरा लागावा यासाठी, सूर दाखवणारा ट्यूनर लागतो. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर एकच आला पाहिजे. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल नटपासून लांब न्या, उतरलेला असेल तर जवळ आणा. सॅडलं फारच अस्ताव्यस्त असतील तर आधी पट्टीने मोजा. स्ट्रॅटोकास्टरच्या आराखड्यावर, म्हणजे २५.५ इंच स्केलवर, नटपासून बारावा फ्रेट ३२४ मिमीवर असतो. बारीक ई तारेचं सॅडलही त्या फ्रेटपासून तेवढ्याच अंतरावर ठेवून सुरुवात करा. बाकीच्या तारांची सॅडलं थोडी मागे जातील.

ट्रेमोलोचा, म्हणजे ब्रिज हलवून सूर खालीवर करायचा, दांडा वापरत नसाल तर ब्रिज बॉडीला टेकवून टाका. मागचं झाकण काढा, स्प्रिंगा ज्याला अडकल्या आहेत त्या पत्र्याचे दोन स्क्रू आवळा, एखादी जास्तीची स्प्रिंग लावा. तारा पुन्हा सुरात आल्यावरही ब्रिज टेकलेलाच राहिला पाहिजे. नंतर उंची आणि इंटोनेशन नव्याने बघावं लागेल, म्हणून हा निर्णय सुरुवातीलाच घेतलेला बरा.

फ्रेट

नेकच्या कडेवरून हात फिरवताना फ्रेटची टोकं बोचत असतील तर लाकूड सुकून आकसलं आहे, धातू तेवढाच राहिला आहे. फिंगरबोर्डला मास्किंग टेप लावा आणि बारीक कानशीने टोकं तिरकी घासून गोल करा. पिकअपवरही टेप लावायला विसरू नका, धातूचा कीस पिकअपमध्ये शिरला की निघता निघत नाही. नंतर फ्रेटना बारीक पॉलिश पेपर मारा. बेंड करताना तार खरखरीत लागते ती याच कामावाचून.

एकाच जागी तार झणझणत असेल तर पुढचा फ्रेट वर आलेला असतो. तीन फ्रेटवर एकदम बसेल अशी छोटी ताठ सरळ पट्टी ठेवून हलवून पाहा. ती डुगडुगली तर मधला फ्रेट उंच. कधी कधी तो नीट ठोकलेलाच नसतो, आणि प्लास्टिकच्या हातोडीने हलके ठोके दिले की बसतो. सगळे फ्रेट समतल करायचं काम मात्र शिकलेल्या हातालाच द्या.

आता वीज आणि पिकअप

नॉब फिरवताना खरखर होत असेल तर पॉटमध्ये (नॉबखालच्या विजेच्या भागात) कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि नॉब पुढेमागे फिरवा. जॅक सैल असेल तर त्याची पाती किंचित आत वाकवा. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचा, पिकअप थोडा गुणगुणतोच. तारांना हात लावल्यावर ती गुणगुण कमी होत असेल तर ब्रिजचं अर्थिंग ठीक आहे. आतल्या पोकळीत तांब्याची टेप लावून ती अर्थला जोडली की बाहेरून येणारा बराच कर्कश आवाज गळतो. पण हाताला झिणझिण्या आल्या तर तिथेच थांबा, ॲम्पचा प्लग काढा आणि ॲम्प व सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. तो प्रश्न जिवाचा आहे.

पिकअप बदलण्याआधी त्यांची उंची बदला, त्याला एक स्क्रू ड्रायव्हर पुरतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून सिंगल कॉइलपासून जाड बाजूला २ मिमी आणि बारीक बाजूला १.६ मिमी ठेवून सुरुवात करा. पिकअप फार जवळ असतील तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर डोलतो. नंतर तीच गिटार एखाद्या चांगल्या ॲम्पवर वाजवून बघा. माझ्या विद्यार्थ्यांपैकी बऱ्याच जणांना तिथेच कळलं की बदलायला हवा होता तो घरचा छोटा ॲम्प.

एवढं करूनही आवाज आवडत नसेल तर जरूर बदला. स्वस्त सिंगल कॉइलमध्ये बहुधा लोखंडी खिळ्यांखाली सिरॅमिकची पट्टी असते, महागात अल्निको चुंबकाच्या कांड्या. सिरॅमिक वाईट असतं असं नाही, पण स्वभाव वेगळा आहे. सिंगल कॉइलला २५० किलोओहमचे पॉट, दोन गुंडाळ्यांच्या हमबकरला ५००. स्वस्त गिटारची भोकं आणि पोकळी अनेकदा लहान पॉटच्या मापाची असतात, त्यामुळे मोठे पॉट बसत नाहीत. ब्रिज बदलताना तर स्क्रूंमधलं अंतर, तारांमधलं अंतर आणि ब्लॉकची (ब्रिजखालच्या धातूच्या ठोकळ्याची) खोली मोजल्याशिवाय काहीही मागवू नका. पातळ बॉडीत पूर्ण लांबीचा ब्लॉक मागून बाहेर येतो.

खर्च कुठे थांबवायचा? भाग घातल्याने जुन्या गिटारची किंमत क्वचितच वाढते. म्हणून पुढच्या गिटारवर नेता येईल तेच विकत घ्या: पिकअप, खुंट्या, ॲम्प. काढलेले मूळ भाग स्क्रूसकट एका पिशवीत नाव लिहून ठेवा, गिटार विकताना ते परत बसवता येतात. आणि सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी पिकगार्डच्या आतल्या वायरिंगचे दोन-तीन बाजूंनी स्पष्ट फोटो काढा, कारण स्वस्त गिटारमध्ये वायरींचे रंग एका कारखान्याचे दुसऱ्याशी जुळत नाहीत.