घरात स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं की कामं कशी वाटून घ्यायची

"काही लागलं तर सांगा हं" हे म्हणणं आधी बंद करा. नुकताच बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडलेल्या घराला आपल्याला काय लागणार आहे हेच ठाऊक नसतं, आणि ठाऊक असलं तरी मागायला संकोच वाटतो. त्यापेक्षा एकच काम धरा आणि उपचार संपेपर्यंत सोडू नका. माझ्या वहिनीच्या वेळी आम्ही मिरजेत असंच केलं. दादा फक्त तिच्यासोबत राहील, कागद आणि पैसे मी बघेन, भाचरं धाकट्या बहिणीकडे, फोन माझ्या नवऱ्याकडे.

कागदांसाठी कप्प्यांची जाड फाईल घ्या. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, रक्त, डिस्चार्ज कार्ड, सगळं तारखेवार लावा, पानापानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. लोक एक गोष्ट हमखास विसरतात: बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं किंवा मुंबईला टाटा हॉस्पिटलला जायचं तर ते मागतात. लॅबकडे लेखी अर्ज केला की मिळतात. मेणच ते, भर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

ईआर, पीआर (गाठ हॉर्मोनवर वाढते का) आणि हर-टू (त्या नावाचं प्रथिन गाठीत जास्त आहे का) या तपासण्यांवर पुढचा बराचसा उपचार ठरतो. त्यांचा रिपोर्ट येईपर्यंत "ऑपरेशन कधी?" म्हणून दादासारख्या माणसाच्या मागे लागू नका. हर-टू 'टू प्लस' आलं तर धड हो नाही आणि धड नाही नाही. मग फिश नावाची आणखी एक तपासणी होते, तिला पुन्हा काही दिवस जातात. घरच्यांना हे आधी सांगून ठेवलं की तेवढी घालमेल कमी.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते घरीच बघा. एकावर माहेरचं नाव आणि दुसऱ्यावर सासरचं, हा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे, आणि मंजुरी उपचाराआधी घ्यायची असते. उपचारासाठी जाताना रेल्वेच्या ठरावीक फॉर्मवर डॉक्टरांची सही घेतली की रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण सवलत मिळते, सोबत्याला 75 टक्के. आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी दादरला उतरायचो. राहण्यासाठी परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे, दादरला गाडगेबाबांची धर्मशाळा आहे. आधी चौकशी करूनच निघा.

फोनवाल्याचं काम सगळ्यात चिवट. आमच्याकडे रविवारी संध्याकाळी एकच मेसेज घरच्या ग्रुपवर जायचा: पुढचा केमो कधी, भेटायला यायचं की नाही. "आमच्या शेजारची गेली हो त्यात" सांगणाऱ्यांना आणि कुठल्याशा पाल्याचा रस सुचवणाऱ्यांना नवरा दारातूनच चहा पाजून परत पाठवायचा. केमो चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय कसलाही काढा, चूर्ण पोटात जाता कामा नये. यात भीडभाड ठेवू नका.

केमोच्या काळात थर्मामीटर उशाशी हवा. ताप 100.4 फॅरनहाइटला टेकला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघत बसायचं नाही, मध्यरात्र असली तरी निघायचं. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. प्रत्येक केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात जास्त जपा. त्या रात्री गाडी कोण काढणार, हे आधीच ठरवून ठेवा. केमोतलं एक औषध लालभडक असतं, त्याने एखाद-दोन दिवस लघवीही लाल होते. आधी सांगितलं नाही तर बाई हबकते.

जेवणाचा डबा देणार असाल तर लसणाची फोडणी नको. वहिनीला वासानेच उमळायचं. गार, मऊ, कमी वासाचं जायचं: मुगाची खिचडी निवल्यावर, उकडलेला बटाटा. स्टीलच्या चमच्याने तोंडात धातूची चव येते म्हणाली, तर लाकडी चमचा आणला. डबा परत मागू नका आणि "संपवलास का?" असंही विचारू नका.

मुलांना आजाराचं नाव सांगा. धाकटा भाचा आईच्या ताटात जेवायचं टाळायला लागला होता, शाळेत कुणीतरी लागण होते म्हणून सांगितलेलं. हा आजार लागत नाही, तुझ्या कुठल्या हट्टाने झाला नाही, केस जातील आणि नंतर येतील, एवढं बहिणीने मांडीवर घेऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा त्याच ताटात.

ऑपरेशननंतर काखेजवळून नळी आणि पिशवी असते. रोज ठरावीक वेळी पिशवीत किती मिली पाणी जमलं ते वहीत लिहा, नळी कधी काढायची हे त्यावरही ठरतं. हाताचे व्यायाम फिजिओथेरपिस्टने दाखवले तसेच, रोज. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम दादा वहिनीसोबत स्वतःही करायचा. त्याला काहीतरी करायला मिळालं, हेच मोठं.

शेवटचा केमो झाला की माणसं पांगतात. तेव्हा डबा बंद करू नका, थकवा पुढे कितीतरी महिने राहतो. आणि सख्ख्या बहिणी, मुली असतील तर त्यांच्या तपासणीचं डॉक्टरांना विचारा. वहिनीची बहीण "मला काय धाड भरलीय" म्हणत टाळत होती. तिची अपॉइंटमेंट मीच घेतली आणि रिक्षा तिच्या दारात नेऊन उभी केली.