घरी बांधलेल्या विमानात कोणत्या जोडाला काय लावावं?

नळ गळायला लागला की आपण टेफ्लॉन टेप गुंडाळतो आणि मोकळे होतो. अमेरिकेत व्हॅन्स कंपनीच्या आरव्हीसारखी किट विमानं (सुटे भाग घेऊन स्वतः जोडायची) गॅरेजमध्ये बांधणारे मात्र इंधन, ऑइल आणि ब्रेकच्या जोडांपासून ही टेप लांब ठेवतात. आवळताना तिचा तुकडा सुटून आत गेला आणि कार्बुरेटरच्या बारीक भोकात अडकला, तर इंजिन बंद पडायला तेवढं पुरतं.

सीलंटची ट्यूब उघडण्याआधी जोड नेमका कुठे बंद होतो, ते पाहा.

1. फ्लेअर जोड. एएन फिटिंगच्या (विमानांसाठीच्या प्रमाणित जोडतुकड्याच्या) 37 अंशांच्या शंकूवर नळीचं पसरवलेलं तोंड दाबून बसतं. गळती तिथेच थांबते. आट्यांचं काम फक्त आवळण्याचं. इथे सीलंट नकोच. जोड गळत असेल तर फ्लेअरला चीर किंवा शंकूवर ओरखडा असणार, आणि सीलंटने तो दोष नुसता झाकला जाईल. ॲल्युमिनियमचे आटे एकमेकांत धरतात, म्हणून आट्यांना इंजिन ऑइलचा एखादा थेंब द्या, शंकू कोरडा ठेवा. पाव इंची ॲल्युमिनियम नळीला 40 ते 65 इंच-पौंड टॉर्क पुरतो. मोटारीच्या दुकानातली 45 अंशांची फिटिंग इथे चालत नाही.

2. ओ-रिंगचा जोड. आटे सरळ, गळती अडवते रिंग. इथेही सीलंट नाही. जे द्रव आत खेळणार, त्यातच रिंग भिजवून बसवा. ब्रेकमध्ये लाल 5606 हायड्रॉलिक ऑइल असेल तर त्यासाठीच्या रिंगांना मोटारीचं डॉट ब्रेक फ्लुइड लागू देऊ नका, रिंगा खराब होतात.

3. पाइप आटे. सीलंट लागतं ते इथे. एनपीटीचे (अमेरिकी पाइप मानकाचे) आटे 1:16 उताराने निमुळते होतात, आणि घट्ट बसल्यावरही आट्यांच्या माथ्याशी एक बारीक सर्पिल वाट उरते. ती लॉकटाइट 567 सारखी पेस्ट बुजवते. हवा तुटली आणि धातूचा स्पर्श झाला की ती जमते. प्लॅस्टिकला मात्र लावू नका, तडे जाऊ शकतात. न कडकणारं परमाटेक्स नंबर 2 सुद्धा बरेच जण वापरतात.

पाइप आटे जोडताना दोन्ही बाजूंचे आटे पुसून तेलमुक्त करा. पेस्ट फक्त बाहेरच्या आट्यांना, गोल फिरवून, पण टोकाचे पहिले दोन आटे सोडून. एल्बो हव्या त्या दिशेच्या पुढे गेला तर उलटा फिरवून जुळवू नका. काढा, पुसा, पुन्हा लावा. पेस्टमुळे पाना हलका फिरतो आणि आणखी अर्धा फेरा द्यावासा वाटतो. तो मोह आवरा: निमुळता आटा पाचरीसारखा घुसतो आणि ॲल्युमिनियमचं कास्टिंग तडकतं.

भारतात सुटं फिटिंग घेताना एक सांभाळा. आपल्याकडच्या हार्डवेअर दुकानात बहुधा बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मानकाचे, आटे मिळतात. 1/8 मापात एनपीटीला इंचाला 27 आटे, बीएसपीला 28. सुरुवातीचे काही फेरे बिनतक्रार जातात, म्हणूनच फसगत होते.

ऑक्सिजनच्या जोडांचा नियम वेगळा: तिथे साधं ग्रीस किंवा तेल म्हणजे आगीला आमंत्रण. ऑक्सिजनसाठी मान्य केलेलंच साहित्य वापरा.

पेस्ट जमायला ट्यूबवर लिहिलेला वेळ द्या. सुरुवातीच्या उड्डाणांनंतर काउलिंग (इंजिनवरचं आवरण) काढून प्रत्येक जोड पाहा. विमानाचं 100एलएल पेट्रोल निळं असतं, ते झिरपलं तर वाळून निळसर डाग राहतो. डाग दिसला तर वरून पाना मारू नका, जोड उघडा.